आईचे यजमान

प्रिय ढापण्या,

आता तू मोठा साहेब झालास, केसही मागे हटायला लागले, तेव्हा तुला अशी हाक मारू नये हे कळतं मला. पण चष्मा लागला तेव्हा तुझ्या आईने ठेवलेलं नाव आहे ते, आणि ते घेणारं आता माझ्याशिवाय कुणी उरलं नाही. मोडीत काढवत नाही.

दुकान अजून उघडतो. गिऱ्हाईक फारसं नसतं. आलंच तर पँट आखूड करायला. सुईत दोरा ओवायला मात्र समोरच्या न्हाव्याला हाक मारावी लागते. "काय मास्तर, सुई दिसेना आणि म्हणे कोट शिवणार!" असं चिडवत येतो, पण येतो. बाकी वेळ मशीनच्या पायट्यावर पाय ठेवून शाळेतल्या कविता म्हणत बसतो. तुझं पाठांतर इथेच व्हायचं. मी शिवण मारायचो, तू तिच्या तालावर म्हणायचास. ओळ चुकली की मी पाय थांबवायचो. तू जीभ चावायचास आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. दुसरं काही आपण बोलत नव्हतो. त्या कवितांतली नदी आणि पाखरं मला अजून खऱ्याहून खरी वाटतात, ती बहुधा तुझ्या आवाजामुळेच.

परवा एक निवृत्त मुख्याध्यापक कोट घेऊन आले. आतल्या खिशावर नाव भरून हवं होतं, नावापुढे 'मुख्याध्यापक'. मी म्हटलं, "गुरुजी, आतलं वाचणार कोण?" तर म्हणाले, "मी वाचीन की!" तेव्हा हसू आलं. टाके घालता घालता ते गेलं. जन्मभर मला वाटायचं, माणूस बिरुदं लावतो ती चारचौघांत मिरवायला. पण बनियनच्या मानेला लेबल असतं, ते काय लोकांना दाखवायला? अंधारात घालताना पुढची बाजू कुठली, मागची कुठली, हे आपल्याच बोटांना कळायला हवं. शाळा सुटली तशी गुरुजींना आपली पुढची बाजू सापडेनाशी झाली असावी.

मलाही तू एक लेबल लावलं होतंस. तुझ्या ऑफिसात आम्ही पहिल्यांदा आलो, तेव्हा तू साहेबांना सांगितलंस, "ही माझी आई, आणि हे आईचे यजमान." घरी येऊन तुझ्या आईने तुला फैलावर घेतलं. "एवढा वाढवला त्यांनी, बाबा म्हणायला काय जीभ झडते?" मीच मध्ये पडलो, "अगं, खोटं काय बोलला तो? मापात बोलला." खरंच सांगतो, राग नव्हता. तुझे वडील तुझ्या आठवणीत होते, त्यांची जागा मी कधी मागितली नव्हती. 'आईचे यजमान' खांद्यात जरा तंग बसायचं, पण अंगावर काहीतरी होतं. लोक 'सावत्र' म्हणायचे, त्यापेक्षा कितीतरी उबदार.

आता आईच नाही, तर तिचे यजमान तरी कुठले राहिले? रविवारी तुझा फोन येतो. "काका, बरे आहात ना? औषधं घेता ना?" मी हो म्हणतो, मग दोघंही गप्प. इतकी वर्षं त्या जागी माझं एक वाक्य ठरलेलं होतं, "थांब, आईला देतो." गेल्या खेपेला ते पुन्हा तोंडून निघून गेलं. तेव्हापासून धास्ती बसली आहे, की एखाद्या रविवारी फोन यायचा नाही, आणि का रे केला नाहीस म्हणून विचारायचं तर कुठल्या नात्याने विचारू?

आता पत्र कशाला लिहिलं ते सांगतो. डोळ्यातला मोतीबिंदू पिकला आहे, पुढच्या महिन्यात काढायचा ठरला. दवाखान्यातल्या खिडकीवरच्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "सोबत कोण येणार?" आणि मी फाडकन बोलून गेलो, "मुलगा." तुला न विचारता. बाहेर बाकावर येऊन बसलो तर चोरी केल्यासारखं वाटत होतं आणि फार बरंही. तुला रजा मिळाली नाही तर न्हावी आहेच. तोंडाची टकळी चालू ठेवील, पण येईल. आलास तर मात्र एक सांगून ठेवतो. ऑपरेशन आटोपलं की तिथली नर्स दारातून मोठ्याने विचारते, "यांचा मुलगा कोण?" मी आत असेन, डोळ्यावर पट्टी असेल. तू काही बोलू नकोस, मला काही म्हणूही नकोस. नुसता ऊठ. खुर्ची सरकल्याचा आवाज मला आत ऐकू येईल.

तुझाच,
काका