आईने टाचलेल्या पत्रावळी

अंबरनाथ, फेब्रुवारी १९५३

ती. गोजरताईस, नाथाचा वाकून नमस्कार.

आईने काल मला नावाने हाक मारली! शेजारच्या कौसाबाईंनीही ती ऐकली, तेव्हा माझा भास नव्हे.

आई सगळं विसरते, वाट चुकेल, म्हणून मी तिला वर्षभर खोलीतच ठेवलं. ते चुकलंच. गेला महिनाभर कौसाबाई तिला शिवमंदिराशी बायकांत पत्रावळी टाचायला नेतात. काल मीही टाचायला बसलो, तर म्हणाली, "नाथा, देठ वर ठेवतात होय रे? जेवणाराला टोचेल ना!" बायका हसल्या. माझे डोळे भरले.

डॉक्टर म्हणतात, दुखणं जाणार नाही. आज सकाळी तिच्या लेखी मी पुन्हा पाहुणाच होतो.

दाजींचा खोकला थांबला का?

शिवरात्रीच्या पारण्याला या पत्रावळी लागतील. आदल्या दिवशी ये आणि थेट आईशेजारी टाचायला बस. तुझा टाका माझ्याहून वाईट; तुला नक्की नावाने ओरडेल.

तुझा नाथा