बॅकयार्डातली अंबाडी

विंडसर, कॅनडा,
५ ऑक्टोबर २०२४

प्रिय डेल्फिनबाय,

तुला आणि घरातल्या सगळ्यांना माझा सलाम. गेल्या रविवारी फोनवर तू म्हणालीस की डोळ्याची पट्टी निघाली, अक्षर स्वच्छ दिसतं. म्हणून हे लिहिते. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, मला ओरडावं लागतं, आणि काही गोष्टी ओरडून सांगता येत नाहीत.

इकडे सगळं ठीक आहे. आमची लेक केझिया रेजिना शहरातच आहे, तिच्या ऑफिसात काम वाढलंय. नाताळात येते म्हणाली. थंडी पडायला लागली, पण हीटिंग अजून चालू केलं नाही. गाडीला विंटर टायर्स लावून घ्यायचे आहेत. ते सगळं सिरील बघायचा.

तुला एक विचारायचं होतं. तुझं आयुष्य वाडीत गेलं. पानवेल, केळी, वांगी, सगळ्यांचे रोग तू पाहिलेत. फुलोऱ्याला आतून बुरशी धरलेली कधी पाहिलीस का? बाहेरून तुरा हिरवागार, टपोरा. मध्येच एखादं पान पिवळं पडतं. ते ओढलं की जराही न अडकता हातात येतं. मग तुरा बोटांनी फाकवला की आत सगळं तपकिरी, भिजलेल्या तंबाखूसारखं, आणि त्यावर राखाडी भुरा.

झाडं कसली ते सांगते. गांजाची. लगेच कागद खाली ठेवू नकोस. इथे कायद्याने एका घराला चार झाडं लावता येतात. लोक टोमॅटोच्या शेजारी लावतात.

मे महिन्यात वॉरेनने रोपं आणून दिली. वॉरेन म्हणजे सिरीलबरोबर गाड्यांच्या कारखान्यात वेल्डिंग करायचा तो, मूळचा ठाण्याचा, आमच्या मागच्या रस्त्यावर राहतो. तो या झाडाचं तेल करून गुडघ्यांना चोळतो. म्हणाला, सिरीललाही करून देईन. सिरीलने रोप हातात घेतलं, पान उलटं-सुलटं करून पाहिलं आणि म्हणाला, "अगं, ही तर अंबाडी. बायला सांग, भाजी करील."

पान खरंच तसंच असतं, बाय. मी त्याला नाही म्हटलं नाही.

ऑगस्टपर्यंत तो त्या झाडांपाशीच होता. घरातलं वॉशरूम त्याला सापडत नव्हतं, पण झाडांचं सगळं येत होतं. माती ओढली, आळी केली, काठ्या रोवल्या, जुन्या शर्टाच्या चिंध्या फाडून खोडं बांधली. संध्याकाळी पाइप उंच धरून झाडांना वरून आंघोळ घालायचा. झाडं त्याच्या खांद्याच्या वर गेली. तिथे असला की मला नावाने हाक मारायचा, "शर्लिन, पाणी दे प्यायला." आत आला की कधी कधी विचारायचा, आपण कोणाच्या घरी आलोय.

ऑगस्टपासून झाडं माझ्याकडे आली. का, ते पुढे लिहिते.

मला झाडांतलं काही कळत नाही. माझं माहेर चाळीतलं, तुळससुद्धा शेजाऱ्यांची. सिरील करायचा तसंच मी करत गेले. रोज पाइप लावून वरून पाणी. पानं दाट झाली तरी एक काढलं नाही. त्याने वाढवलेलं आपण का तोडावं, असं वाटलं. सप्टेंबरात तुरे एवढे भरले की फांद्या वाकल्या. वास सगळ्या गल्लीत. मग पाऊस लागला, सकाळी धुकं, आणि एक दिवस सगळ्यांत मोठ्या तुऱ्यात ते पिवळं पान दिसलं.

मी वॉरेनला बोलावलं. त्याने तुरा फाकवला आणि तोंड बाजूला केलं.

"बड रॉट," तो म्हणाला. "पाणी कुठून घालतेस?"

"वरून. सिरील घालायचा तसं."

"सिरील घालायचा तेव्हा फुलं नव्हती, शर्लिन. फुलं आली की फक्त मुळाशी. आणि आत एवढी पानं ठेवलीस, हवा कुठून जाणार?"

मग त्याने मला दाखवलं. आधी तुऱ्यावर पिशवी चढवायची, म्हणजे भुरा उडून दुसऱ्या तुऱ्यांवर बसत नाही. मग सडलेल्या जागेच्या खाली, चांगल्या भागात कात्री लावायची. दर वेळी कात्री स्पिरिटने पुसायची. कापलेलं कम्पोस्टमध्ये टाकायचं नाही, पिशवीला गाठ मारून कचऱ्यात. सकाळी फांद्या हलवून दव झाडायचं आणि प्रत्येक तुरा बोटांनी उघडून बघायचा.

तसं मी रोज केलं. रोज कुठे ना कुठे सापडायचं. जो तुरा सगळ्यांत भरलेला, तोच आतून गेलेला असायचा. बारके, विरळ तुरे तेवढे चांगले राहिले. मला वाईट वाटायला हवं होतं, सिरीलच्या हातची झाडं ती. मी कापलं, पिशवीत घातलं, गाठ मारली, आत येऊन हात धुतले आणि चहा केला. हल्ली माझं सगळंच असं चाललंय. चर्चमध्ये मासला जाते, तोंडाने प्रार्थना म्हणते, ग्रोसरी आणते. दुकानातल्या बाईने विचारलं, हाऊ आर यू, की गुड म्हणते. तेही खोटं वाटत नाही आणि खरंही वाटत नाही.

तीन झाडं अशी गेली. चौथं कुंपणाजवळ होतं, तिथे वारा लागायचा, ते बरंचसं वाचलं होतं. गेल्या सोमवारी वॉरेन आला.

"अजून आठवडाभर राहिलं तर नीट पिकेल," तो म्हणाला. "पण पाऊस सांगितलाय. ठेवलंस तर सगळंच जाईल कदाचित. आत्ता कापलंस तर कच्चं, पण हातात राहील. तू ठरव."

तू ठरव म्हणाला आणि मी कात्री घेऊन नुसती उभी राहिले. त्याला वाटलं मला ऐकू आलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं.

बाय, ऑगस्टमध्येही मला हेच म्हणाले होते. इट्स युअर डिसिजन, मिसेस लोपीस.

आता लिहिते. जुलैत सिरील दुपारी घरातून निघून गेला. मी बेसमेंटमध्ये कपडे धूत होते. तो नदीवर सापडला. समोर डेट्रॉइटच्या इमारती दिसतात, तिकडे बघत उभा होता. पोलिसांनी विचारलं तर म्हणाला, पलीकडे घर आहे, होडीची वाट बघतोय. मी दाराला वरती कडी लावून घेतली. पंधरवड्याने त्याने खुर्चीवर चढून ती काढली. या वेळी तो होडीसाठी थांबला नव्हता. कमरेपर्यंत पाण्यात गेला होता. कुत्रा फिरवणाऱ्या एका माणसाने उडी टाकून त्याला धरलं. मी पोचले तेव्हा तो ब्लँकेट गुंडाळून बसला होता. मला म्हणाला, "पाणी थंड आहे, तू येऊ नको."

मग डॉक्टर, सोशल वर्कर. एका केअर होममध्ये बेड रिकामा झाला. एका दिवसात उत्तर हवं होतं, नाही म्हटलं तर पुढे कधी मिळेल ते सांगता येत नव्हतं. केझिया फोनवर म्हणाली, "मॉम, यू कान्ट डू धिस अलोन." मी हो म्हटलं.

सिरील ऑगस्टपासून तिथे आहे. रविवारी तुझा फोन यायचा तेव्हा तो झोपला आहे असं मी सांगायची. तो घरात नव्हता.

दोन वर्षांपूर्वी आम्ही वसईला आलो, तेव्हा निघताना तू गेटपाशी माझा हात धरून म्हणालीस, "शर्लिन, माझ्या भावाला कुठे टाकू नकोस." मी म्हटलं, नाही टाकणार. तेव्हा तसंच मनात होतं. नदी मनात नव्हती.

चौथं झाड मी कापलं. अख्खं, बुंध्यापासून. वॉरेनने फांद्या बेसमेंटमध्ये दोरीवर उलट्या टांगून दिल्या, पंखा लावला. त्यातलंही थोडं खराब निघालं, बाकीचं वाळतंय. तेल होईल म्हणतो. होममध्ये मी नर्सला विचारलं, ती म्हणाली, डॉक्टरांना विचारावं लागेल. अंगणात आता चार बुंधे आहेत. जमीन गोठायच्या आत उपटायला हवेत.

मी रोज जेवणाच्या वेळी त्याच्याकडे जाते. बसने जाते, गाडी चालवावीशी वाटत नाही. त्याला स्वच्छ ठेवतात, दाढी करतात. वजन थोडं वाढलंय. तो दाराकडे बघत नाही, भांडत नाही. मी भरवते तसं खातो.

आणि तो मला बाय म्हणतो. पहिल्या आठवड्यापासून. आधी वाटलं चुकून म्हणाला. नंतर कळलं, त्याला मी तू वाटते. वाडीतलं काही काही विचारतो, मला येईल तसं उत्तर देते. परवा भात खाता खाता थांबला आणि हळूच म्हणाला, "बाय, आता मला जाऊ दे. शर्लिन घरी एकटी आहे. तिला इथलं काही माहीत नाही."

मी म्हटलं, "तिला कळवलंय मी. तू जेव."

मग तो जेवला.

केझियाला हे सांगितलं तर ती फोनवर रडली. मी तिची समजूत घातली.

तुला राग येईल. येऊ दे. खूप दिवस फोन केला नाहीस तरी मी समजेन. पण रविवारी केलास, तर तो झोपला आहे असं मी म्हणणार नाही. आणि एक मागते. त्याच्यासाठी दोन ओळी लिहून पाठव, तुझ्या भाषेत, तू त्याच्याशी लहानपणी बोलायचीस तशा. मी त्याला वाचून दाखवीन. माझ्या तोंडून त्या तुझ्याच म्हणून ऐकेल तो.

सगळ्यांना आठवण सांग. डोळ्यात औषध वेळेवर घाल.

दुपारी मला तुझ्या नावाने हाक येते, मी ओ देते. या कागदावर तेवढं माझं नाव लिहिते,

शर्लिन