आईच्या नावाची टेकडी

११ मार्च, सोमवार
मंगळाचा नकाशा बघून कुणाचं भलं होतं? आईने भाजी निवडताना विचारलं. तेही मला, घरातल्या पहिल्या पदवीधराला. म्हटलं, रविवारी आमच्या विज्ञान केंद्रात ये. मोठ्या पडद्यावर ऑनलाइन नकाशातून मंगळाची सफर आहे. सफर कोण घडवणार, ते सर शुक्रवारी ठरवतील. मी, नाहीतर टापटीप. (माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. तिचे केससुद्धा रांगेत उभे असतात.)

१२ मार्च
टापटीपने सरांना मंगळावरच्या दरीतून उडवून आणलं. सर वा वा म्हणाले. माझ्या ज्वालामुखीला नुसतं बरं. माझ्या पोटात अजिबात दुखत नाही. तिची बदली झाली तर वाईटही वाटणार नाही, इतकं माझं मन मोठं आहे.

१३ मार्च, दुपार
शोध लागला! दक्षिणेकडे झूम केलं, तर गोल टेकड्यांची रांग. नकाशात एकीलाही नाव नाही. सगळ्यांत गुबगुबीत टेकडीला आईचं दिलं. आई म्हणाली, मला चढायला लावू नकोस म्हणजे झालं. मग शेजारच्या काकूंना सांगून आली.
संकल्प: शुक्रवारपर्यंत कुणाला दाखवायचं नाही.

१४ मार्च
टापटीपला दाखवलं. तिचा चेहरा पडलेला बघायचा होता. पडला नाही. म्हणाली, अगं, या फोटोत ऊन खालून येतंय, डोळ्यांना वाटतं वरून, म्हणून ते फसतात, एकदा उलटा करून बघ.
जळते! दुसऱ्याच्या टेकड्या बघवत नाहीत काही लोकांना. उलटा केला नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

१५ मार्च
सरांनी आईच्या टेकडीवर कर्सर नेला. माथ्याकडे जावं तसा उंचीचा आकडा उतरत गेला. सर म्हणाले, बाई, तुमची टेकडी चढताना माणूस खाली चाललाय. म्हटलं, नेट स्लो आहे.
रविवार टापटीपला.

१५ मार्च, घरी
फोटो उलटा केला. सगळ्या टेकड्या एकदम आत गेल्या. खड्डे. आईला कसंबसं सांगितलं. ती म्हणाली, खड्डा तर खड्डा, काकूंच्या नावाचा तर तोही नाही.

१७ मार्च, रविवार
टापटीपने भर कार्यक्रमात मला पुढे बोलावलं. तो फोटो दाखवून विचारायला लावलं, टेकडी की खड्डा? अख्खा हॉल ओरडला, टेकडी! आई एकटीच खड्डा म्हणाली. सरांनी तिच्या निरीक्षणाचं कौतुक केलं. माझं आजवर नाही केलं.
मी फोटो फिरवला. हॉलभर आ वासलेली तोंडं. टाळ्या टापटीपच्या दरीपेक्षा जास्त पडल्या, असं मला वाटतं.
घरी येताना आई म्हणाली, ती पोरगी किती छान समजावते गं, शीक काहीतरी तिच्याकडून. उशीर झाला होता आईला. टाळ्या थांबायच्या आत मी टापटीपला विचारून टाकलं होतं, उद्यापासून शिकवशील का. हो म्हणाली. लगेच. थोडे तरी आढेवेढे घ्यायचे होते बाईने.