सल्ला मिळाला, आभारी आहोत

कीथली,
शुक्रवार, २३ मे

ती. मेव्हिसताईला धाकट्या सिरिलचा साष्टांग नमस्कार. (खुर्चीत बसून लिहितो आहे आणि एकदा खाली वाकलो की वर येण्याची खात्री नसते, तेव्हा नमस्कार मनाने घातला असं समज.)

तुझा गुडघा काय म्हणतो? शेजारच्या त्या निवृत्त कर्नलने तुझ्या गुलाबावर सावली पाडणारं कुंपण छाटलं का, की अजून तुम्ही दोघं एकमेकांना वकिलाची भाषा ऐकवता आहात? मांजर बरं आहे ना? मागच्या पत्रात तू मांजराच्या पोटाबद्दल दोन पानं लिहिली होतीस आणि माझ्याबद्दल अर्धी ओळ, त्यावरून तुझी काळजी कुठे आहे ते कळलं. असो. माझी तब्येत मंगळवारी सकाळी साडेदहापर्यंत उत्तम होती. साडेदहाला आमच्या कंपनीची वार्षिक सभा सुरू झाली.

आमची कंपनी म्हणजे अजूनही ऑल्डरशॉ अँड पिमच. चौतीस वर्षं तिथे किटलीची तोटी बसवली आणि त्यातली एकोणीस वर्षं युनियनचा प्रतिनिधी म्हणून मालकाच्या डोक्यावर बसलो, हे तू विसरली नसशीलच. निवृत्त होताना कंपनीने मला दोनशे चाळीस शेअर दिले आणि एक किटली दिली. (किटली पहिल्या दिवसापासून गळते. तोटी मी बसवलेली नाही.) तेव्हा कायद्याने मी कंपनीचा एक मालक आहे, हे मी बसच्या रांगेत अनेकांना सांगत असतो. आणि दोन नंबरच्या फाटकामागे आम्हा निवृत्तांची एक खोली आहे. म्हाताऱ्या पिमसाहेबांनी ती दिली, इथे राबलेल्याला इथे बसता आलं पाहिजे म्हणून. दर गुरुवारी दोन ते चार आम्ही तेवीस जण तिथे चहा पितो, डॉमिनो खेळतो आणि जे आले नाहीत त्यांच्या आजारपणाबद्दल बोलतो. माझी बायको मार्जरी गेल्यापासून आठवड्यातून एकच दिवस मी नऊच्या आत दाढी करतो, तो गुरुवार. ताई, तुला म्हणून सांगतो, त्या खोलीवाचून माझं फार वाईट होईल. बाकीचे सहा दिवस मी फक्त रेडिओशी भांडत असतो.

मार्चमध्ये कंपनीचा वार्षिक अहवाल घरी आला. एकशे बारा पानं. त्यातली किटल्यांबद्दल चार आणि मोठे साहेब मिस्टर लेनॉक्स यांच्या पगाराबद्दल अडतीस. ही अडतीस पानं मी वाचली. (हसू नकोस. बाहेर पाऊस होता.) साहेबांना पगार आहे, पगारावर बोनस आहे, बोनसवर दीर्घ मुदतीचा बोनस आहे, आणि हे सगळं मिळूनही त्यांनी कामावर यावं म्हणून प्रोत्साहन आहे. एकूण अठरा लाख पौंड. हा आकडा ठरवणारी समिती तीन जणांची. ते तिघंही दुसऱ्या कंपन्यांचे मोठे साहेब असल्यामुळे मोठ्या साहेबांचे कसे हाल होतात ते त्यांना आतून ठाऊक आहे. त्यांचं म्हणणं असं की लेनॉक्ससाहेबांना कमी दिलं तर ते सोडून जातील. आम्हाला कमी दिलं तरी आम्ही सोडून जात नाही, हा कंपनीचा शंभर वर्षांचा अनुभव आहे, त्यामुळे आमच्यासाठी समितीची गरज पडली नाही.

मग पान एकाहत्तर. बोनसचं एक कारण ‘काटकसरीची शिस्त’ असं दिलं होतं, आणि त्या शिस्तीच्या यादीत तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं: दोन नंबर फाटकामागील वापरात नसलेली जागा मोकळी करणे. वापरात नसलेली! मेव्हिसताई, त्या जागेत तेवीस जिवंत माणसं आहेत. म्हणजे जिवंत म्हणायला हरकत नाही इतपत. वर्षाला नऊ हजार पौंडांचा हीटरचा खर्च वाचवणार म्हणून आमची खोली जाणार, आणि ती घालवली म्हणून साहेबांना शाबासकी मिळणार. त्या अडतीस पानांच्या छपाईला नऊ हजारांहून जास्त लागले असतील, पण तो खर्च काटकसर समजावून सांगण्यासाठी असल्यामुळे तो काटकसरीतच धरतात.

पण आपल्या देशात लोकशाही आहे. साहेबांच्या पगाराच्या अहवालावर दर वर्षी भागधारकांचं मत घ्यावं लागतं, असा कायदाच आहे. हे वाचल्यावर माझ्या अंगात वीस वर्षांपूर्वीचा प्रतिनिधी जागा झाला. मी गावातले निवृत्त शोधून काढले. खोलीत येणारे, न येणारे, वृद्धाश्रमातले, मुलीकडे राहायला गेलेले, असे एकसष्ट भागधारक. सगळ्यांना सभेला नेणं शक्य नव्हतं (निम्म्यांना बसमध्ये चढवलं असतं तर उतरवणार कोण?), म्हणून त्यांचे प्रॉक्सीचे कागद, म्हणजे गैरहजर माणसाने दुसऱ्याकडे आपलं मत सोपवायचा छापील फॉर्म असतो ते, मी घरोघर हिंडून सह्या करून घेतले आणि स्वतः पोस्टात टाकले. सभेला मी, पॅकिंगमधली डोरीन आणि विल्फ बॅराक्लो असे तिघं निघालो. विल्फ तुला आठवत असेल, माझ्या लग्नात ज्याने सूप सांडलं तो.

सभा लीड्सच्या हॉटेलात होती. पूर्वी सँडविच आधी वाढत असत. पण लोक अंड्याची सँडविच खाऊन, चार रुमालात बांधून, मतदानाआधीच निघून जायचे, तेव्हापासून कंपनीने सँडविच घडीच्या दारामागे कुलपात ठेवायला सुरुवात केली आहे. भागधारकांवर कंपनीचा तेवढाच विश्वास आहे. विल्फ दोन तास त्या दाराकडे तोंड करून बसला होता.

अध्यक्ष सर पेरेग्रिन व्यासपीठावर होते. फार गोड माणूस. कुणी थोबाडीत मारली तरी दुसरा गाल पुढे करण्याआधी आभार मानेल असा. मी उभा राहून भाषण केलं. तीन रात्री आरशासमोर म्हटलं होतं ते. खोली, पिमसाहेबांचा शब्द, पान एकाहत्तर, सगळं ठणकावून सांगितलं. सर पेरेग्रिननी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, फारच मोलाचा प्रश्न विचारलात, आणि मग जगातल्या तांब्याच्या भावाबद्दल आठ मिनिटं बोलले. तेव्हा डोरीन उठली.

‘‘अहो, ह्यांनी खोलीचं विचारलंय. तुम्ही आम्हाला तांबं कशाला दाखवताय?’’

‘‘बाईसाहेब, तुमची भावना आमच्यापर्यंत पोचली.’’

‘‘भावना नाही हो, मी खोलीबद्दल बोलतेय. ती राहणार की जाणार, एवढं एक सांगा की.’’

‘‘तेही पोचलं,’’ सर पेरेग्रिन म्हणाले आणि मतदानाकडे वळले.

ताई, मतदानाचा निकाल पडद्यावर आला आणि मी खुर्चीतून उठलोच. शेकडा चौपन्न मतं विरुद्ध! लंडनच्या बड्या पेन्शन फंडांनासुद्धा तो पगार घशाखाली उतरला नव्हता. डोरीनने मला मिठी मारली. विल्फने टोपी उडवली, ती दिव्यात अडकली. लेनॉक्ससाहेब पायाखालच्या गालिच्याचं निरीक्षण करत होते. क्षणभर मला वाटलं, ह्या देशात न्याय आहे. साधारण क्षणभरच.

मग सर पेरेग्रिन उभे राहिले. म्हणाले, या स्पष्ट कौलाबद्दल आम्ही भागधारकांचे अत्यंत आभारी आहोत. मात्र सभासदांच्या माहितीसाठी सांगतो की ह्या ठरावावरचं मत सल्लागार स्वरूपाचं असतं. आपण दिलेला सल्ला संचालक मंडळाने अतिशय गांभीर्याने ऐकला आहे. मिस्टर लेनॉक्स यांची रक्कम ठरल्याप्रमाणे दिली जाईल. म्हणजे बघ, आम्हाला विचारायची सक्ती आहे, ऐकायची नाही. लग्नाआधी मुलाला पसंती विचारत त्यातलाच प्रकार. आम्ही जिंकलो होतो आणि त्याचं बक्षीस म्हणून आमचे आभार मानण्यात आले होते.

इथपर्यंत मी सहन केलं असतं. चौतीस वर्षं केलंच की. पण ते पुढे बोलले. म्हणाले, विरुद्ध मत देणारे बहुतेक मोठे फंड आहेत, त्यांना फक्त आकडे दिसतात. पण ज्यांनी ही कंपनी आपल्या हातांनी उभारली, त्या एकसष्ट निवृत्त कामगारांनी आपलं मत विश्वासाने माझ्यावर, व्यक्तिशः माझ्यावर सोपवलं, आणि ते मी अहवालाच्या बाजूने दिलं. हे सांगताना माझा ऊर भरून येतो आहे. असं म्हणून त्यांनी खरोखर रुमाल काढला. टाळ्या पडल्या. लेनॉक्ससाहेबांनी आमच्या दिशेने हात जोडल्यासारखं काहीतरी केलं.

एकसष्ट मतं फिरली म्हणजे आमच्यातलंच कुणीतरी फुटलं होतं. डोरीनने माझ्याकडे पाहिलं. मी विल्फकडे पाहिलं. विल्फ तेव्हा घडीच्या दाराकडे पाहत होता, आणि त्याच क्षणी दार उघडलं आणि तो पहिला आत गेला. याहून मोठा पुरावा काय पाहिजे? परतीच्या बसमध्ये डोरीन त्याला एवढंच म्हणाली, ‘‘किती सँडविचला विकलंस रे आम्हाला?’’ तो म्हणाला, ‘‘मी? मी काय केलं?’’ आणि रुमालातलं एक तिच्यापुढे धरलं. त्यामुळे प्रकरण काही निवळलं नाही. काल गुरुवारी खोलीत त्याला कुणी चहा ओतला नाही. तो आपला रिकामा कप घेऊन चार वाजेपर्यंत बसून होता.

दारावर नोटीस लागली आहे. येत्या सोमवारपर्यंत खोली रिकामी करायची. तिथे अधिकाऱ्यांसाठी आरोग्यकक्ष होणार आहे, म्हणजे एका जागी उभ्या राहणाऱ्या सहा सायकली. न वापरली जाणारी जागा आता खरोखरच वापरात येईल.

बाकी सर्व क्षेम. कर्नलला नमस्कार सांगू नकोस. मांजराला सांग.

तुझा आज्ञाधारक भाऊ,
सिरिल सग्डन

ता. क. वरच्या पत्रात विल्फबद्दल जे लिहिलं आहे ते वाचून लगेच विसर. काल घरी आल्यावर माझ्याकडे उरलेला एक कोरा फॉर्म मी चष्मा लावून वाचला. त्यावर ‘मी माझा प्रतिनिधी म्हणून’ याच्यापुढे ‘सभेचे अध्यक्ष’ असं आधीच छापलेलं आहे. दुसरं कुणी हवं असेल तर ते खोडून नाव लिहायचं, आणि खालच्या चौकटीत बाजूने की विरुद्ध ते सांगायचं. चौकट कोरी ठेवली तर अध्यक्ष आपल्या मर्जीने मत देतात. आता मी एकोणीस वर्षं युनियनचा प्रतिनिधी. आमच्या काळी कामगाराने कागदावर सही केली की पुढचं बोलायचं काम सिरिलचं, एवढंच सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे मी घरोघर सांगत हिंडलो, चौकटींच्या भानगडीत पडू नका, घोटाळा कराल, नुसती सही ठोका, बाकी मी बघतो. सोबत मी एक पत्रही जोडलं होतं, वळणदार अक्षरात, की हे सर्व जण विरुद्ध आहेत, कळावे. ते पत्र वाचणं कायद्यात बसत नाही म्हणे. थोडक्यात, एकसष्ट म्हाताऱ्यांची मतं कुणी विकली नाहीत. मी ती पदरचं तिकीट लावून फुकट पाठवली.

ता. क. २ हे मला सगळ्यांना सांगितलंच पाहिजे. विल्फ तसाच रिकामा कप घेऊन बसलेला मला पुन्हा बघवणार नाही. पण कुठे सांगू? खोली राहिली नाही, पबमध्ये सांगितलं तर जिवंत सुटणार नाही. आणि इथेच पत्राचं खरं कारण येतं. तुझा दर्शनी दिवाणखाना, तो सायीच्या रंगाच्या गालिच्याचा, ज्यात जेफ्रीभावजी वारल्यापासून तू पाद्रीशिवाय कुणाला पाऊल ठेवू दिलेलं नाहीस, तो गुरुवारी दोन ते चार मिळेल का? तिथे कुणी आवाज चढवणार नाही. त्या गालिच्यावर माणूस खून करायला धजत नाही, मी स्वतः एकदा प्रयत्न केला आहे. आम्ही फक्त तेवीस जण. कप आपापले आणू, डॉमिनो आमचे, चहा तेवढा तुझा. आणि फक्त येत्या गुरुवारी नाही. दर गुरुवारी.

ता. क. ३ नव्या जागेचा पत्ता मी आज सकाळीच नोटिशीखाली चिकटवून आलो. पहिली मंडळी गुरुवारी पावणेदोनच्या बसने उतरतील. तुझं मत मात्र अवश्य कळव, मी ते अतिशय गांभीर्याने ऐकेन. ते सल्लागार स्वरूपाचं असेल.