ग्रिगोरेच्या नावाचा पाव

नोएमी पोरी,

माझा दोरिन पहिलीत गेला त्या वर्षी त्याच्या शेजारी बसून मी अक्षरं शिकले, तेव्हा माझ्या लिहिण्याला हसू नकोस. मी कबरीवर दिवा लावायला पुढे गेलेय. शेजारणी आपल्या घराच्या फाटकाशी येतील. पाव आणि मेणबत्ती देताना म्हण, "दे सुफ्लेतुल लुई ग्रिगोरे", म्हणजे त्याच्या आत्म्यासाठी. नाव न घेता दिलेलं त्याला पोचत नाही. त्या "बोग्दाप्रोस्ते", म्हणजे देव त्याला क्षमा करो, म्हणाल्या, की पोचलं.

त्यांतली लेनुत्सा टोमणा मारेलच, "स्पेनची सून आपली भाषा काय बोलणार!" तिच्या हातात पाव ठेवून मोठ्यानं म्हण. दोरिन आला नाही, घरचं माणूस तूच. तुला जमतंय, मी ऐकलंय.

कोणी नवख्यानं विचारलं, तर ताठ मानेनं सांग: माझे सासरे ग्रिगोरे गेल्या वर्षी संत दुमित्रूच्या दिवशी वारले.