टोपलीतली मूठ

सोम., ४ ऑगस्ट
इ. ८ वी, इतिहास. अमेरिकेतल्या वसाहती, इंग्रजांचा चहावरचा कर. 'जे आपलं ऐकत नाहीत, त्यांना कर का द्यायचा?' म्हणत लोकांनी चहाच्या पेट्याच समुद्रात फेकल्या. पोरं खूश. मीही रंगात आले होते, खोटं कशाला बोलू.

बुध., ६
कमलबाई शाळेत आल्या. तांड्यावरच्या, आठवीतल्या सोनूची आई. गुरुवारच्या बाजारात भाजी विकतात. वाटलं, पोरीच्या हजेरीचं काही असेल.
"बाई, तिकडल्या चहाचं सांगता, अन् आमच्या टोपलीतलं काहून सांगत न्हाई?"
टोपलीतलं काय?
"जागेचे पैसे घेऊन पावती फाडली की तुमच्या मालकाची माणसं वरून मूठ भरून घेतात. चांगलं चांगलं निवडून. न्हाई म्हणलं की जागा चिखलात."
बाजाराचा ठेका यांच्याकडे. पण मूठ? दर गुरुवारी घरी भाजीची पिशवी येते. मी समजत होते, बाया मायेनं देतात, बाईंच्या घरी म्हणून! शेजारी वाटायचेसुद्धा, कौतुकानं.

गुरु., ७
बाजाराचं मैदान ओस. सगळ्या बाया रस्त्यापलीकडे, कमलबाईंच्या दिराच्या वावरात. गिऱ्हाईकही तिकडेच. हे लालबुंद होऊन आले. "काय शिकवून राहिली तू वर्गात?"
विचारलं, मूठ खरंच घेता?
"रीत हाय ती. पहिल्यापासून."
इतकं सहज! गरिबाच्या लेकराची फी गुपचूप भरणारा माणूस हा.

रवि., १०
येत्या बाजारी माणसं नेऊन टोपल्या उचलायच्या, असं ठरवलंय यांनी. "तू समजाव त्याह्यला. न्हाई ऐकलं तर मंग..." भीती वाटते. यांची भीती, हे पहिल्यांदाच.

गुरु., १४
अर्धी रजा. वावरात गेले ते बायांना उठवायलाच, भांडण नको म्हणून. तोंड उघडण्याआधी कमलबाईंनी पोतं सरकवलं. "बसा बाई."
बसले.
तेवढ्यात हे आले, मागे माणसं. मला बघून जागीच थांबले. माणसं यांच्या तोंडाकडे, बाया माझ्या. टोपलीला कुणी हात लावला नाही. आज तरी नाही. हे मोटारसायकलवर बसले आणि हिंगोलीकडे निघून गेले.
दिवे लागले तरी पत्ता नाही. फोन वाजतो, उचलत नाहीत.
निघताना कमलबाईंनी विचारलं, "पुढल्या गुरुवारी येताल का?"
येते म्हणाले. यांना अजून सांगायचंय.