शिट्टीवरची लंगडी

दुबई, मार्च १९६४

बिलकीसला वलीचा सलाम.

मी बरा आहे, जेवण पोटभर मिळतं. अम्मांचा खोकला थांबला का?

खाडीवर गोण्या उतरवून दमलो की आम्ही घटकाभर लंगडी खेळायचो, पोट धरून हसायचो. खेळून आल्यावर काम भराभर होतं, हे मुकादमाने हेरलं. आता तोच शिट्टी फुंकतो, ‘यल्ला, खेळा!’ म्हणतो. वर गोण्याही वाढवल्या. काल आपल्या शेजारच्या मुश्ताकचा गुडघा सुजला होता, तरी त्याला लंगडी घालायला लावली. कुणीच हसलं नाही. त्याच्या घरी बोलू नकोस.

आपल्या अन्वरला खेळू दे, उशीर झाला तरी रागावू नकोस. त्याने इथली शिट्टी मागितली आहे. सांग त्याला, दुसरं काहीही माग, शिट्टी अब्बा आणणार नाहीत.

तुझा,
वली